नांवाचें कूळ व माणसाचें मोल

आमच्या हजेरीपटावर नारायण, रूथ, यशवंत, फर्नांडिस अशीं नांवें एकाखालीं एक येतात. त्यांतील अमुक नांव ख्रिस्ती, अमुक हिंदु, अमुक परकी, असा निवाडा मुलें खेळतां खेळतां करून टाकतात, आणि कित्येकदां वडील माणसेंही त्यास दुजोरा देतात. आमच्या मतें हा निवाडा घाईचा होय.

फर्नांडिस हेंच आडनांव घ्या. त्याचा अर्थ 'फर्नांदोचा पुत्र' असा आहे. फर्नांदो हें नांव स्पेन देशांत रूढ झालें खरें. परंतु त्याचें बीज मूळ स्पेनचें नव्हे, आणि पवित्र शास्त्रांतीलही नव्हे. इसवी सनाच्या पांचव्या शतकांत व्हिसिगॉथ नांवाचे जर्मानिक लोक त्या देशांत शिरले व पुढें तेथील राजे झाले. त्यांच्या भाषेंतील दोन शब्द जोडून हें नांव बनलें. त्याचें उत्तरपद धाडसाचा अर्थ दाखवितें. पूर्वपदाचा अर्थ कोणी 'प्रवास' तर कोणी 'शांति' असा करितात. रॉड्रिग्स या आडनांवांतील रॉद्रिगो याच कुळांतला. त्यांत 'कीर्ति' व 'सत्ताधीश' हीं पदें आहेत, आणि त्यांतील 'रिक' हा अंश आपल्या 'राजन्' शब्दाचा दूरचा भाऊबंद आहे!

मग अशा योद्ध्यांच्या नांवास पावित्र्य कोठून आलें? तें नांव धारण करणाऱ्यांकडून. कास्तीलचा राजा तिसरा फर्नांदो १२५२ सालीं वारला व १६७१ सालीं रोमन चर्चनें त्याची संतांत गणना केली. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें घेतलें, १५३४ सालीं वसई त्यांच्या हातीं आली, आणि बाप्तिस्म्याबरोबर त्यांचीं आडनांवें आपल्या लोकांत आलीं. आज वसईकडील कित्येक फर्नांडिस घरांत मराठीच बोलतात. त्यांस परके कोण म्हणेल?

आतां आपल्या जालन्याकडे पाहा. रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांचा बाप्तिस्मा १८४३ सालीं झाला. परंतु त्यांनीं आपलें नांव टाकिलें नाहीं. जालन्याजवळ त्यांनीं वसविलेल्या गांवाचें नांव मात्र 'बेथेल', म्हणजे इब्री भाषेंत 'देवाचें घर'. नांव इब्री, वसविणारा नारायण, आणि राहणारे मराठवाड्याचे! यांत कोणासही कांहीं विसंगत वाटलें नाहीं.

कोणी म्हणेल कीं, नांवावरून धर्म ओळखूं यावा हें बरें. ज्यास आपल्या मुलाचें नांव दानिएल ठेवावयाचें असेल त्यानें तें आनंदानें ठेवावें. आमची त्यास हरकत नाहीं. परंतु नारायण नांवाचा मनुष्य कमी ख्रिस्ती, किंवा फर्नांडिस कमी हिंदी, असें मानणें हा अन्याय आहे. शब्द देशोदेशीं फिरतात, भाषा पालटतात, मूळ अर्थ विसरला जातो. राहतें तें त्या नांवाच्या माणसाचें वर्तन. म्हणून, विद्यार्थिमित्रहो, सोबत्याच्या नांवास हंसूं नका, आणि स्वतःचें नांव असें राखा कीं, पुढें एखाद्या आईस तें आपल्या बाळास ठेवावेंसें वाटेल.