शिबिर शहरात नको, शिवारात हवे



गेल्या हंगामात तालुक्यातली चार पोरे ओरिएंटिअरिंगच्या शिबिराला शहरात जायला निघाली होती. हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन, रानात मांडलेल्या खुणा क्रमाने शोधत पळायचा हा खेळ. फी, प्रवास, राहणे असा हिशेब झाला. एका बापाने तो कापसाच्या भावात मांडून पाहिला आणि पोरे घरीच राहिली. मुलींची नावे तर यादीतच नव्हती.

आमचे म्हणणे सरळ आहे. हे शिबिर आपल्या शिवारात, आपल्याला झेपेल अशा खर्चात होऊ शकते.

हा खेळ स्वीडन-नॉर्वेकडे लष्कराच्या कवायतीतून निघाला. मैदानावर पळायला तरुण येईनासे झाले, तेव्हा एर्न्स्ट किलांडर या मेजरने त्यांना रानात नेले आणि १९१९ साली स्टॉकहोमजवळ मोठी स्पर्धा भरवली. पुढे १९३० च्या दशकात स्वस्त, भरवशाची होकायंत्रे मिळू लागली आणि खेळ पसरला. जवळचे रान आणि स्वस्त साधन, एवढ्यावर तो वाढला.

कोणी म्हणेल, दुबार पेरणीची धास्ती असताना हे खेळ कशाला? त्याला आमचीच चूक सांगतो. कृषीची पदवी घेऊन आलो तेव्हा समोच्च रेषा कागदावर सफाईने काढत होतो. पहिल्याच वर्षी एका वावरात बांध आखून दिला. पहिल्या मोठ्या पावसात तो फुटला आणि खालची पेरणी वाहून गेली. वावराच्या धन्याला पाणी कुठून येते ते पाठ होते, पण नकाशा वाचता येत नव्हता. आम्हाला नकाशा येत होता, वावर ठाऊक नव्हते. दोघांनी एकमेकांना विचारले नाही. नुकसान मात्र त्याचे झाले.

ज्या पोराला दोन्ही येईल, ते बांध आखणाऱ्याला आणि मोजणीदाराला धुऱ्यावर उभे राहून प्रश्न विचारेल. मोबाईल आपण कुठे उभे आहोत ते दाखवतो, पाणी कुठे वळेल ते ओळखायला डोळाच तयार करावा लागतो.

आता नकाशाचे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या नकाशावर अडीच एकराचे चौकोनी वावर जेमतेम दोन मिलिमीटरचे दिसते. १:१०,००० वर तेच एक सेंटिमीटरचे होते, म्हणून नकाशा आपणच करायचा. गावनकाशाची प्रत घ्या, त्यावर नाले, विहिरी, धुरे, ठळक झाडे पायी फिरून भरा. २०२१ च्या केंद्राच्या धोरणानंतर भारतीय माणसाला अशा नकाशासाठी आगाऊ परवाना लागत नाही.

शिबिर दोन दिवसांचे पुरे. पऱ्हाटी उपटल्यापासून उन्हाळवाही लागेपर्यंत शिवार मोकळे असते. पहिल्या दिवशी धुऱ्यावर टेपने १०० मीटर मोजून प्रत्येकाने आपली पावले मोजावीत. मग नकाशाची उत्तर होकायंत्राच्या उत्तरेशी जुळवून चालायला शिकावे. संध्याकाळी घमेल्यात चिकणमातीची टेकडी करा, दोन-दोन बोटे पाणी वाढवा आणि दर वेळी पाण्याच्या काठाने रेघ ओढा. वरून पाहिले की समोच्च रेषा समजते. रेघा जवळ तिथे चढ उभा, लांब तिथे जमीन सपाट.

दुसऱ्या दिवशी स्पर्धा. खतांच्या रिकाम्या गोण्या पांढऱ्या-नारिंगी रंगवल्या की खुणा तयार. होकायंत्र तिघांत एक चालेल. लहानांनी जोडीने जावे, मोठ्यांनी एकट्याने. परत आल्यावर प्रत्येकाने आपली वाट नकाशावर काढून कुठे चुकलो ते सांगावे. खरे शिक्षण त्या तासाभरात होते.

नियम तीन. धन्याला विचारल्याशिवाय कुणाच्या वावरात पाय नाही, आणि उभ्या पिकातून गेला तो बाद. उघड्या विहिरीपाशी मोठा माणूस उभा राहील. ऊन चढायच्या आत सगळे परत. मुक्काम शाळेत, भाकरी-पिठले घरोघरचे. शिबिर गावात असले की मुली संध्याकाळी घरी जाऊ शकतात, मग त्यांना नाही म्हणायला कारण उरत नाही.

येत्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने एक गाव, एक शिक्षक आणि दहा पोरापोरींची नावे घेऊन यावे. त्यांत निम्म्या मुली असाव्यात. नकाशा भरायला आम्ही येतो. या वेळी वावराच्या धन्याला आधी विचारू.