शिष्यवृत्ती मिळाली, पुढे काय?

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये गुणगौरव समारंभ सुरू होतात. शादीखान्यात खुर्च्या मांडल्या जातात, मुलांना ट्रॉफी मिळते, एखादा ट्रस्ट इंजिनिअरिंगला जाणाऱ्या दोन-चार मुलांच्या फीचा चेक देतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्यामुळे मलाही अशा कार्यक्रमांना बोलावणे येते. तिथे मी संयोजकांना एकच प्रश्न विचारतो : दोन वर्षांपूर्वी ज्यांना चेक दिला, ती मुले आज कोणत्या वर्षाला आहेत? अजून एकाही ठिकाणी मला यादी मिळालेली नाही.

हा प्रश्न मला सुचला तो माझ्या हॉस्टेलमधल्या एका मुलामुळे. तो उर्दू माध्यमातून आलेला, बारावीला माझ्यापेक्षा जास्त गुण असलेला. पहिल्या वर्षाची फी एका ट्रस्टने भरली होती. वर्गात सगळे इंग्रजीत, वेगाने. गणिताचा पहिला पेपर आणि ड्रॉइंग त्याला जड गेले. तो दार लावून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत एकटाच अभ्यास करायचा. अडलेले कुणाला विचारायचा नाही. आपल्याला फुकट शिकवत आहेत आणि तरीही जमत नाही, याची त्याला लाज वाटायची. वर्षाअखेरीस इतके विषय राहिले की वायडी लागली, म्हणजे एक वर्ष घरी. निकाल नाही म्हणून ट्रस्टचा पुढचा चेकही आला नाही. तो गावी गेला आणि मामाच्या मोबाइलच्या दुकानात बसला.

मी पास झालो, कारण माझा चुलतभाऊ त्याच कॉलेजात दोन वर्षे पुढे होता. त्याच्या खोलीत आम्ही पाच-सहा जण जुने पेपर सोडवत बसायचो. हुशारीत तो मुलगा माझ्यापेक्षा कमी नव्हता. त्याची खोली माझ्या शेजारीच होती आणि मी त्याला एकदाही बोलावले नाही.

पैशाचा प्रश्न खोटा आहे, असे मला म्हणायचे नाही. नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या दर २५ विद्यार्थ्यांमागे एक आणि पदव्युत्तर शिक्षणात दर ५० मागे एक मुस्लिम, असे सच्चर समितीने २००६ साली नोंदवले. २०११ च्या जनगणनेत मुस्लिमांचे प्रमाण १४.२ टक्के होते. २०२०-२१ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात विद्यार्थ्यांमधले प्रमाण होते ४.६ टक्के. अशा वेळी मदत वाढायला हवी होती. घडले उलटे. व्यावसायिक आणि तांत्रिक शिक्षणासाठीच्या केंद्राच्या मेरिट-कम-मीन्स योजनेची तरतूद २०२२-२३ मधल्या ३६५ कोटींवरून पुढच्या वर्षी ४४ कोटींवर आली. संशोधकांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाली. इतर योजनांशी ती जुळते, हे त्याचे कारण संसदेत देण्यात आले. याविरुद्ध बोलत राहिले पाहिजे. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या ‘मार्टी’ या अल्पसंख्याक संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडून बार्टी, सारथीसारखेच काम मागितले पाहिजे. त्याच वर्षी राज्याने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी गटांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फीमाफी दिली. आपल्या अनेक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. दाखला वेळेवर काढला, तर आपल्या मुलीही त्यात बसतात.

पण फी भरून झाल्यावरचा प्रश्न वेगळा आहे. एका अमेरिकन संशोधकाने त्याचे उत्तर फार पूर्वी शोधले होते. १९७० च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात कृष्णवर्णीय मुले कॅल्क्युलसमध्ये मोठ्या संख्येने नापास होत होती. युरी ट्राइसमन यांनी प्राध्यापकांना कारण विचारले. उत्तरे ओळखीची होती : मुलांना आवड नाही, पाया कच्चा आहे, घरी शिक्षणाला महत्त्व नाही, गरिबी आहे. आपल्या मुलांबद्दलही हेच बोलले जाते, आणि आपणही बोलतो. ट्राइसमन या मुलांसोबत आणि गणितात चांगले यश मिळवणाऱ्या चिनी वंशाच्या मुलांसोबत राहून पाहू लागले. चिनी मुले आधी स्वतः गणिते सोडवत, मग एकत्र बसून एकमेकांची तपासत. कृष्णवर्णीय मुले मेहनती होती, पण ती एकेकटी अभ्यास करत. ट्राइसमन यांनी त्यांच्यासाठी उजळणी वर्ग काढला नाही. त्यांनी गट केले आणि नेहमीपेक्षा कठीण गणिते दिली. निकाल पालटले.

बाल्टिमोरजवळच्या मेरीलँड विद्यापीठात गणितज्ञ फ्रीमन ह्राबोव्स्की यांनी मायरहॉफ दांपत्याच्या देणगीतून हीच गोष्ट शिष्यवृत्तीत बांधली. १९८९ च्या पहिल्या तुकडीत १९ कृष्णवर्णीय मुलगे होते. पुढे मुलींना आणि १९९६ पासून सर्व समाजांना प्रवेश मिळाला. कॉलेज सुरू होण्यापूर्वी सहा आठवड्यांचे निवासी वर्ग, गटाने अभ्यास, पहिल्या वर्षापासून प्रयोगशाळेत काम आणि खुशाली विचारणारे मार्गदर्शक, हे सगळे शिष्यवृत्तीचाच भाग आहे. निवड होऊनही जे दुसरीकडे गेले, त्यांच्या तुलनेत इथली मुले पीएचडीला सुमारे पाचपट जास्त प्रमाणात गेली. मॉडर्नाच्या कोविड लसीमागच्या संशोधनात आघाडीवर असलेल्या किझमेकिया कॉर्बेट याच कार्यक्रमातून आल्या.

आपल्याकडे पाटण्यात मौलाना वली रहमानी यांनी सुरू केलेल्या ‘रहमानी-३०’ ने अनेक मुलांना आयआयटीच्या दारापर्यंत नेले. दारातून आत गेल्यावरची सोबत उभी करणे हे आपल्या शहरातल्या ट्रस्टना आणि जमातींना जमण्यासारखे काम आहे.

त्यासाठी माझ्या चार सूचना आहेत. एक, चेक एका वर्षाचा देऊ नका, चार वर्षांचे वचन द्या, आणि पहिली केटी लागली म्हणून हात काढून घेऊ नका. मुलाला आधाराची खरी गरज तेव्हाच असते. दोन, कॉलेज सुरू होण्याआधी तीन आठवडे गणित, ड्रॉइंग, प्रोग्रॅमिंग आणि इंग्रजी पारिभाषिक शब्दांचा वर्ग घ्या. तीन, दर रविवारी मदरशाचा किंवा शाळेचा एक हॉल, एक फळा आणि जुने पेपर उपलब्ध करा. मुलींना सोयीची वेळ ठेवा, आणि वस्तीतला इतर समाजांचा मुलगा आला तर त्यालाही बसू द्या. चार, नोकरी करणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरने दोन मुलांची नावे स्वतःकडे घ्यावीत आणि महिन्यातून दोनदा फोन करावा.

हे शेवटचे आम्हा नोकरदारांसाठी आहे. रमजानमध्ये हिशेब करून जकात देतो आणि सुटलो असे मानतो. मीही तेच करत आलो. या वर्षी मी फर्स्ट इयरच्या दोन मुलांची नावे घेतली आहेत. त्यातल्या एकाला गणितात अडचण आहे, हे मला तिसऱ्या फोनवर कळले. पहिल्या दोन्ही वेळा तो “सब ठीक है, भाईजान” एवढेच म्हणाला होता.

पुढच्या गुणगौरव समारंभात नव्या नावांच्या आधी मागच्या वर्षीची नावे वाचून दाखवा. कोण कुठपर्यंत पोहोचले, हे सांगा. जो मधेच घरी परतला असेल, त्याच्याकडे आधी जाऊन या.