उपचारांचे सरकारी दर आणि त्यांची फेरतपासणी

सरकारी दरपत्रक ही काही आवडीने वाचावयाची वस्तू नव्हे. बारीक टाइपातील रकाने, अनुक्रमांक, शस्त्रक्रियांची लांबलचक नावे आणि त्यांच्यापुढे रुपयांचे आकडे, एवढाच त्याचा थाट असतो. तथापि घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, किंवा आईचा गुडघा जिना चढू देईनासा झाला, की याच कागदावर घरातल्या सर्वांचे लक्ष खिळते. उपचार होणार की नाहीत, कोठे होणार आणि पदरचे किती मोडावे लागणार, हे बहुतांशी तोच कागद ठरवितो. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे, म्हणजे ज्या योजनेस आपण सारे ‘सी. जी. एच. एस.’ या नावाने ओळखतो तिचे, दरपत्रक १३ ऑक्टोबर २०२५ पासून नव्याने अमलात आले. या महिन्यात त्याविषयी लिहावयाचे आहे.

ही योजना १९५४ साली दिल्लीत सुरू झाली. त्यापूर्वी सरकारी नोकराने उपचारांचा खर्च स्वतः करावा, नंतर बिले जोडून अर्ज करावा आणि मंजुरीची वाट पाहावी, असा शिरस्ता होता. ही यातायात वाचावी, दरमहा थोडी वर्गणी द्यावी आणि गरज पडेल तेव्हा सरकारी दवाखान्यात तपासून घ्यावे, अशी मूळची सुटसुटीत कल्पना. १९६३ साली योजना मुंबईत आली. पुढे पुणे, नागपूर व देशातील इतर अनेक शहरांत तिचा विस्तार झाला. २०१७ साली वर्गणीचे जे दर ठरले, त्यांनुसार कनिष्ठ श्रेणीतील कर्मचाऱ्यास महिना २५० रुपये, तर वरिष्ठ अधिकाऱ्यास १,००० रुपये भरावे लागतात. निवृत्त झालेल्यांना दहा वर्षांची वर्गणी एकदम भरून जन्मभराचे कार्ड घेता येते. आयुष्यभराच्या औषधोपचारांच्या मानाने ही रक्कम अल्प आहे, हे कोणीही मान्य करील.

परंतु दवाखान्यात तपासणी होते, औषधे मिळतात; मोठी शस्त्रक्रिया तेथे होत नाही. सरकारी रुग्णालयांतील गर्दी तर सर्वांच्या परिचयाची आहे. म्हणून सरकारने खाजगी रुग्णालयांशी करार केले. रुग्णालयाने कार्डधारकास दाखल करून घ्यावे, ठरलेल्या दराने उपचार करावेत आणि दराहून अधिक रक्कम त्याच्याकडे मागू नये, हे त्या कराराचे सार. करारात आलेल्या रुग्णालयांना इंग्रजी कागदपत्रांतून ‘एम्पॅनेल्ड’ म्हणतात. आम्ही त्यास ‘सूचीबद्ध’ हा शब्द वापरीत आलो आहो. दुसरा अवघड शब्द ‘पॅकेज’. ‘ठोक दर’ म्हटले तर बाजाराचा वास येतो, ‘एकरकमी शुल्क’ म्हटले तर विम्याचा हप्ता वाटतो. आणि घरोघरी तर ‘पॅकेज’ हाच शब्द चालतो. तेव्हा भाषांतरकाराने हट्ट न धरलेला बरा.

या पॅकेजचा अर्थ मात्र नीट समजून घेतला पाहिजे. रुग्ण दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत खाटेचे भाडे, शस्त्रक्रियागृहाचा खर्च, शल्यवैद्याचे व भूल देणाऱ्याचे मानधन, तपासण्या, औषधे, मलमपट्टी हे सारे एकाच आकड्यात येते. हृदयाच्या किंवा तशाच विशेष शस्त्रक्रियेस बारा दिवस, इतर मोठ्या शस्त्रक्रियेस सात दिवस, दुर्बिणीद्वारे केलेल्या शस्त्रक्रियेस तीन दिवस, अशी मुक्कामाची मर्यादा दरपत्रकांतून गृहीत धरण्यात येत असे. शरीरात बसविण्याच्या वस्तू, उदाहरणार्थ कृत्रिम सांधा, हृदयाच्या रक्तवाहिनीतील स्टेंट, डोळ्यातील भिंग, यांची किंमत वेगळी आणि तिलाही वेगळी कमाल मर्यादा. बिल हाती आल्यावर पुष्कळ घरांत जो गोंधळ उडतो तो येथे उडतो. पॅकेजमध्ये बसणाऱ्या हातमोज्यांचे व इंजेक्शनांचे पैसे वेगळे लावलेले असतात, आणि जी वस्तू खरोखरच वेगळी त्या भिंगाविषयी अगोदर कोणी काही विचारलेले नसते.

आता दरांच्या वयाकडे वळू. २०२५ च्या आधीचे सर्वंकष दरपत्रक २०१४ सालचे होते. मधल्या अकरा वर्षांत काही बाबींपुरती डागडुजी झाली. त्यांतली ठळक एप्रिल २०२३ मधील. तोवर बाह्यरुग्ण विभागात तज्ज्ञ डॉक्टरने तपासल्याबद्दल १५० रुपये मिळत. ते ३५० झाले. सामान्य कक्षातील खाटेचे भाडे दिवसास १,००० चे १,५०० झाले, अर्धखाजगी कक्षाचे २,००० चे ३,०००, आणि खाजगी खोलीचे ३,००० चे ४,५००. अतिदक्षता विभागासाठी मुक्कामासह ५,४०० रुपये असा एकच दर, कक्ष कोणताही असो, ठरविण्यात आला. शस्त्रक्रियांच्या बहुसंख्य पॅकेजांस मात्र या डागडुजीचा स्पर्श झाला नाही.

दीडशे रुपयांचा विचार करा. मोठ्या शहरातील अनुभवी तज्ज्ञाची फी या काळात कोठे गेली होती, हे सांगावयास नको. मग तो १५० रुपयांत रुग्ण तपासत होता काय? काही ठिकाणी तपासत होता, आणि अशा डॉक्टरांचे ऋण मानले पाहिजे. पण कित्येक ठिकाणी कार्ड दाखविताच वेगळीच उत्तरे मिळत. “आज डॉक्टर नाहीत.” “त्या कक्षात खाट रिकामी नाही.” “अमुक तपासणी योजनेत बसत नाही, ती रोखीने करून घ्या.” रुग्णालये आपली बाजू मांडीत : दर जुने, आणि सरकारकडून येणे असलेली रक्कम महिनोन् महिने थकलेली. या तक्रारीत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. परंतु तिचा भार ज्याने सोसला तो ना दर ठरविणारा, ना थकबाकी ठेवणारा. तो निवृत्त कारकून होता, टपाल खात्यातून सेवा संपवून घरी बसलेला, कार्ड खिशात असूनही बँकेतील ठेव मोडून रोख रक्कम भरणारा.

म्हणूनच कागदावर स्वस्त असलेला दर म्हणजे रुग्णाचा लाभ, हे समीकरण आम्हांस मान्य नाही. ज्या दराने उपचार करावयास कोणी राजी नाही तो दर स्वस्त नसतो. तो केवळ लिहिलेला असतो. लिहिलेला दर आणि चालू दर यांतील अंतर कोणी तरी भरून काढतोच, कधी पैशाने, कधी ताटकळण्याने, तर कधी दुखणे अंगावर काढून.

येथे एक तुलना सुचते. याच कुटुंबांस मिळणारा महागाई भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारीपासून आणि जुलैपासून, किंमतींच्या निर्देशांकानुसार सुधारला जातो. करोनाच्या साथीत दीड वर्ष तो गोठविण्यात आला होता, तेवढा अपवाद. म्हणजे धान्य, कापड, भाडे महाग झाले हे सरकार दर सहा महिन्यांनी हिशेबात घेत होते, आणि त्याच घरातील माणसाच्या शस्त्रक्रियेचा दर मात्र २०१४ वरच थबकला होता. महागाई भत्त्यास जसे वेळापत्रक आहे तसे उपचारांच्या दरांस का असू नये? दर सहा महिन्यांनी नको; दोन किंवा तीन वर्षांनी एकदा, पण ठरलेल्या वेळी. अकरा वर्षांनी एकदम केलेली वाढ तिजोरीलाही जड जाते आणि रुग्णालयांशी वादही वाढविते.

दर वाढवीत जावे असा याचा अर्थ घेऊ नये. हा पैसा अखेर करदात्यांचा, आणि हे दर केवळ या योजनेपुरते राहत नाहीत. माजी सैनिकांची आरोग्य योजना याच दरांचा आधार घेते. ही योजना जेथे नाही अशा गावांतील केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या बिलांची प्रतिपूर्तीही याच दरांच्या मर्यादेत होते. कित्येक स्वायत्त संस्थांनी हेच कोष्टक स्वीकारले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर खाजगी रुग्णालयांच्या शुल्कावर नियंत्रण नसल्याच्या प्रकरणात, सरकार स्वतः दर ठरवीत नसेल तर तूर्त हेच दर सर्वांना लागू करण्याचा विचार करावा लागेल, अशा आशयाचे मत सर्वोच्च न्यायालयाने व्यक्त केले. त्या प्रकरणात उदाहरण निघाले ते मोतीबिंदूचेच : सरकारी रुग्णालयात दहा हजारांच्या आसपास, आणि खाजगीत तीस हजारांपासून एक लाख चाळीस हजारांपर्यंत. एका योजनेच्या कोष्टकावर एवढा भार येणार असेल तर ते कोष्टक ताजे असणे ही किमान अपेक्षा होय.

नव्या आदेशाने सुमारे दोन हजार उपचारांचे दर सुधारले, आणि त्यांत भेद कसे करावयाचे याची रीतही बदलली. ती एका उदाहरणाने स्पष्ट होईल. दिल्ली, मुंबई, पुणे, हैदराबाद अशा पहिल्या वर्गातील शहरात, गुणवत्तेचे राष्ट्रीय प्रमाणपत्र, म्हणजे ‘एन. ए. बी. एच.’, मिळविलेल्या रुग्णालयात, अर्धखाजगी कक्षात एखाद्या शस्त्रक्रियेचा दर १०,००० रुपये आहे असे धरू. (आकडा केवळ हिशेबाच्या सोयीसाठी घेतला आहे.) तीच शस्त्रक्रिया प्रमाणपत्र नसलेल्या रुग्णालयात झाली तर दर १५ टक्क्यांनी कमी, म्हणजे ८,५००. दोनशेहून अधिक खाटांच्या अतिविशेष रुग्णालयात १५ टक्क्यांनी अधिक, म्हणजे ११,५००. शहर दुसऱ्या वर्गातील असले, जसे नागपूर, इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर किंवा बडोदे, तर १९ टक्के कमी, म्हणजे ८,१००. तिसऱ्या वर्गात २० टक्के कमी, म्हणजे ८,०००. दुसऱ्या व तिसऱ्या वर्गांत अवघ्या एका टक्क्याचे अंतर ठेवून वर्ग दोन कशास केले, हे आम्हांस उमगले नाही. ईशान्येकडील राज्ये, जम्मू-काश्मीर व लडाख यांतील शहरे दुसऱ्या वर्गात धरली आहेत, हे योग्यच झाले.

कक्षाप्रमाणेही फरक पडतो. सामान्य कक्षास ५ टक्के कमी, खाजगी खोलीस ५ टक्के अधिक. म्हणजे वरील शस्त्रक्रिया नागपुरात सामान्य कक्षात झाली तर रुग्णालयास ७,६९५ रुपये मिळतील. पूर्वी हे प्रमाण अनुक्रमे १० व १५ टक्के असे. सामान्य कक्षाच्या रुग्णावर शस्त्रक्रिया तीच, भूल तीच, टाके तेच. मग दरात फार अंतर ठेवले की त्या रुग्णाकडे रुग्णालयाचे लक्षही तेवढेच कमी जाणार. हे अंतर आता आखडले, आणि सबंध आदेशातील हा भाग आम्हांस सर्वांत समंजस वाटतो. तज्ज्ञाची तपासणी, प्रयोगशाळेतील चाचण्या, किरणोपचार आणि दाखल न होता करावयाच्या किरकोळ शस्त्रक्रिया यांचे दर तर सर्व कक्षांच्या कार्डधारकांस एकच आहेत. कर्करोगाच्या शस्त्रक्रियांचे दर मात्र त्या आदेशात पूर्वीचेच ठेवण्यात आले.

आपला कक्ष कोणता, हे पुष्कळ घरांत दाखल होण्याच्या दिवशीच प्रथम कळते. २०२२ सालच्या आदेशानुसार ज्यांचे मूळ वेतन ३६,५०० रुपयांपर्यंत त्यांना सामान्य कक्ष, ५०,५०० पर्यंत अर्धखाजगी, आणि त्यापुढे खाजगी खोली. कार्डावर तशी नोंद असते. ती आजच काढून पाहावी. पात्रतेहून वरचा कक्ष स्वतःहून मागितला तर जादा खर्च घरातून करावा लागतो. तो कक्ष रुग्णालयाने ‘दुसरी खाट नाही’ म्हणून गळ्यात बांधला असेल, तर तशी नोंद लेखी घ्यावी. दाखल होण्यापूर्वी पॅकेजचा आकडा आणि बसविण्याच्या वस्तूची किंमत, ही दोन्ही कागदावर मागून घेण्यात संकोच बाळगू नये. निवृत्त कार्डधारकांस सूचीबद्ध रुग्णालयात रोख न भरता उपचार मिळण्याची तरतूद आहे. सेवेत असलेल्यांना सामान्यतः आधी भरून मागाहून प्रतिपूर्ती घ्यावी लागते. तातडीच्या प्रसंगी त्यांनाही रोख भरावी लागू नये असा नियम आहे. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना तज्ज्ञाकडे जाण्यासाठी दवाखान्याची चिठ्ठी आणण्याची अट २०२४ मध्ये शिथिल झाली. पूर्वी ही सवलत पंचाहत्तरीनंतर मिळे.

प्रसंग आणीबाणीचा असेल तर सूचीबद्ध रुग्णालय शोधीत वेळ दवडू नये. केवळ रुग्णालयाचे नाव सूचीत नाही एवढ्यावरून प्रतिपूर्ती नाकारता येत नाही, उपचार खरोखर झाले की नाही हे पाहावयाचे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका निवृत्त अधिकाऱ्याच्या प्रकरणात दिला, आणि अशा दाव्यांचा निर्णय महिन्याभरात व्हावा असेही बजावले. बिले, घरी सोडल्याचा दाखला आणि प्रसंग तातडीचा होता हे सांगणारे डॉक्टरांचे प्रमाणपत्र मात्र जपून ठेवले पाहिजे.

जेथे योजनेचे केंद्रच नाही अशा लहान गावी राहणाऱ्या निवृत्तांस बाह्योपचारांसाठी मासिक वैद्यकीय भत्ता घेता येतो. जुलै २०१७ मध्ये तो ५०० वरून १,००० रुपये करण्यात आला. मधुमेह व रक्तदाब या दोहोंची औषधे चालू असलेल्या दांपत्यास हजार रुपये महिन्याचे किती दिवस पुरतात, याचा हिशेब औषधाच्या दुकानातील पावत्या लावून कोणालाही करता येईल. दरांच्या फेरतपासणीचे वेळापत्रक कधी काळी ठरलेच, तर या भत्त्याचाही रकाना त्यात असावा.

नव्या दरांस संमती म्हणून सूचीबद्ध रुग्णालयांनी १३ ऑक्टोबर २०२५ पर्यंत हमीपत्र द्यावयाचे होते; जे देणार नाहीत त्यांची नावे सूचीतून वगळली जातील, असे आदेशात म्हटले होते. तेव्हा आपल्या नेहमीच्या रुग्णालयाचे नाव सूचीत आहे की नाही, हे दवाखान्यातील फलकावर एकदा पाहून घ्यावे. सूचीत नाव असूनही दाखल करून घेण्यास नकार मिळाला, किंवा दराबाहेर रक्कम मागितली गेली, तर तो कराराचा भंग होय. तक्रार त्या शहरातील योजनेच्या अपर संचालकांकडे, बिलाची प्रत व तारीख जोडून, लेखी करावी. तोंडी तक्रारीची नोंद राहत नाही.