रांग संपल्यावर



या वेळी एका मोटार कंपनीची गोष्ट सांगणार आहे. आपल्यातली बरीच तरुण मंडळी स्वतःचा काहीतरी धंदा सुरू करण्याच्या बेतात आहेत, काहींनी केलाही आहे. त्यांनी ती जरूर वाचावी.

१९४५ साली दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेत लोकांकडे पैसे होते, पण विकत घ्यायला नवी मोटार नव्हती. फेब्रुवारी १९४२ पासून तिथे साध्या मोटारी बनवणंच बंद होतं. सगळे कारखाने रणगाडे, विमानं आणि लष्करी ट्रक बनवण्यात गुंतलेले. घराघरातली गाडी जुनी होऊन खिळखिळी झालेली आणि युद्धकाळातल्या पगाराची बचत बँकेत पडून. मोटार म्हणून जे काही दुकानात येईल ते विकलं जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

ही संधी हेन्री कायझर आणि जोसेफ फ्रेझर या दोघांनी हेरली. कायझर हा बांधकामातला बडा कंत्राटदार. शाळा तेराव्या वर्षी सुटली, पण पुढे रस्ते बांधले, धरणं बांधली, आणि युद्धात जहाजं बांधण्याचा असा सपाटा लावला की त्याच्या कॅलिफोर्नियातल्या गोदीत एक अख्खं मालवाहू जहाज पाच दिवसांच्या आत पाण्यात उतरलं. फ्रेझर हा मोटार धंद्यात मुरलेला, विक्रीची नस ओळखणारा माणूस. दोघांनी मिळून कायझर-फ्रेझर कंपनी काढली आणि मिशिगनमधला विलो रन हा प्रचंड कारखाना सरकारकडून भाड्यानं घेतला. युद्धात फोर्ड कंपनी तिथे बॉम्बर विमानं बनवत असे.

सुरुवात झकास झाली. फोर्ड, जनरल मोटर्स आणि क्रायसलर हे तीन दादा १९४२ च्याच गाड्या थोडा मुलामा देऊन विकत होते. त्यांच्यापुढे कायझरची गाडी खरोखरच नवी दिसायची. पोलाद मिळत नव्हतं, जास्त भाव मोजून कुठून कुठून आणावं लागत होतं, तरी गाड्या बाहेर पडत होत्या आणि हातोहात खपत होत्या. १९४७ मध्ये कंपनीला सुमारे १ कोटी ९० लाख डॉलर नफा झाला. १९४८ मध्ये सुमारे १ लाख ८० हजार गाड्या बनल्या. तीन वर्षांपूर्वी अस्तित्वातही नसलेली कंपनी जुन्या नावाजलेल्या कंपन्यांच्या बरोबरीला येऊन बसली.

इथे जरा थांबू या. लोक कायझरची गाडी घेत होते, ते ती आवडली म्हणून, की दुसरी मिळत नव्हती म्हणून? मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीचं मर्म या एका प्रश्नात आहे. गाडीची किंमत मोठ्या, मानाच्या गाड्यांच्या जवळपास होती. इंजिन मात्र साधं सहा सिलिंडरचं, आणि तेही मूळ रचना दुसऱ्या कंपनीची. रांग लागलेली असते तेव्हा अशा गोष्टी कुणी विचारत नाही. ती ओसरली की गिऱ्हाईक सगळं विचारतं.

आणि रांग ओसरलीच. १९४९ साठी तिन्ही बड्या कंपन्यांनी नव्या कोऱ्या गाड्या आणल्या. फ्रेझरला हे आधीच दिसत होतं. त्याचं म्हणणं असं, की यंदा उत्पादन कमी करू, हातातले पैसे राखू आणि आपली नवी गाडी तयार झाली की पुन्हा जोर लावू. कायझरला हे पटलं नाही. त्यानं आयुष्यभर एकच केलं होतं, अडचण आली की वेग वाढवायचा. धरणात ते चाललं, जहाजात तर फारच चाललं. त्यानं सुमारे दोन लाख गाड्यांची तयारी ठेवली. फ्रेझर अध्यक्षपदावरून बाजूला झाला आणि कायझरचा मुलगा एडगर त्या खुर्चीवर आला.

जहाज आणि मोटार यांत एक मोठा फरक होता, तो इथे नडला. जहाजाचं गिऱ्हाईक होतं सरकार. जेवढी बांधाल तेवढी घ्यायला ते तयार. मोटारीचं गिऱ्हाईक होता एकेक माणूस, आणि तो आता चार दुकानं फिरून यायला लागला होता. गाड्या आवारात उभ्या राहिल्या. १९४९ च्या न विकलेल्या गाड्यांना नवे क्रमांक देऊन त्या १९५० च्या म्हणून विकायची वेळ आली. सरकारी वित्तसंस्थेकडून ४ कोटी ४० लाख डॉलर कर्ज घ्यावं लागलं.

आमच्या बेळगावात उद्यमबागेत मी हे लहान आकारात पाहिलेलं आहे. सुट्या भागांच्या ऑर्डरी दणादण येतात, दिवसरात्र पाळ्या चालतात, कर्ज काढून दोन नवी मशीन येतात. वर्षभरानं ऑर्डर निम्म्यावर येते, पण हप्ता काही निम्म्यावर येत नाही. मालक कष्टाळू असतो, कारागीर उत्तम असतात. चुकतो तो फक्त अंदाज. भरतीच्या पाण्याला आपल्या विहिरीचं पाणी समजलेलं असतं.

कायझरची माणसं नालायक नव्हती, हे मुद्दाम सांगतो. १९५१ ची त्यांची नवी गाडी इतकी देखणी होती, की आजही जुन्या गाड्यांचे शौकीन तिचं नाव काढतात. बसकी ठेवण, मोठाल्या काचा. ती खपलीही चांगली. पण तोवर इतर कंपन्या जोरदार आठ सिलिंडरची इंजिनं देऊ लागल्या होत्या, आणि तसं इंजिन बनवायला कायझरकडे पैसा उरला नव्हता. जो पैसा होता त्यातला बराच ‘हेन्री जे’ नावाच्या छोट्या, स्वस्त गाडीत गेला. स्वस्त करण्याच्या नादात सुरुवातीच्या गाड्यांना मागची डिकी उघडायला झाकणसुद्धा ठेवलं नव्हतं. सामान मागचं सीट पाडून आतून ठेवायचं! थोडे पैसे जास्त टाकले की शेवरले मिळत होती. लोकांनी शेवरले घेतली.

१९५३ मध्ये विलो रनचा कारखाना जनरल मोटर्सला विकला गेला. पुढच्या वर्षी फायबरग्लासची, दारं पुढे सरकून आत जाणारी ‘डॅरिन’ ही स्पोर्ट्स कार आली. ती जेमतेम ४३५ बनली. १९५५ मध्ये अमेरिकेतली कायझर मोटार बंद झाली. यंत्रं अर्जेंटिनाला गेली आणि तिथे ‘काराबेला’ या नावानं तीच गाडी आणखी काही वर्षं निघत राहिली.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९५३ मध्येच कायझरनं जीप बनवणारी विलिस-ओव्हरलँड कंपनी विकत घेतली होती. जीप दिसायला सुंदर नव्हती, पण ती ज्याला हवी त्याला तीच हवी असायची: शेतकऱ्याला, जंगल खात्याला, लष्कराला. तिच्या जिवावर कायझर घराणं १९७० पर्यंत वाहन धंद्यात टिकलं. आपल्याकडे महिंद्रानं १९४७ पासून मुंबईत विलिसच्या जीप जोडायला सुरुवात केली होती. त्याच १९५३ साली बाजारात आलेल्या सीजे-३बी या जीपचा उंच, चौकोनी चेहरा पुढे कित्येक दशकं आपल्या घाटांत आणि खेड्यांत फिरला. तुमच्या आजोबांना विचारा, ते लगेच ओळखतील.

आणखी एक. युद्धकाळात गोदीतल्या कामगारांसाठी कायझरनं डॉक्टर सिडनी गारफिल्ड यांच्याबरोबर दवाखाने आणि मासिक वर्गणीवर उपचार अशी योजना चालवली होती. युद्ध संपल्यावर ती सर्वांसाठी खुली केली. ‘कायझर पर्मनंटे’ या नावानं ती आजही अमेरिकेत लाखो लोकांची काळजी घेते. बे एरियात तुमचं कुणी नातेवाईक असेल तर त्यांच्या पाकिटात त्या कार्डाची शक्यता बरीच आहे. ते कार्ड देणाऱ्या माणसानं कधी मोटारी काढल्या होत्या, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

म्हणून धंदा करणाऱ्या मुलामुलींना माझं एवढंच सांगणं. माल हातोहात जात असेल तेव्हा आनंद जरूर माना, पण त्याच आठवड्यात पाच गिऱ्हाइकांना विचारा, ‘शेजारच्या दुकानात हाच माल असता तर माझ्याकडे आला असतात का?’ पाचातल्या चौघांनी ‘हो’ म्हटलं तर खुशाल कर्ज काढा. ते जर नुसतेच हसले, तर त्या वर्षी मशीन घेऊ नका. आधी माल सुधारा. आणि आपल्यात कुणी फ्रेझर असेल, जो ‘यंदा जरा दमानं घेऊ’ म्हणतो, त्याला भित्रा म्हणून बाजूला सारू नका. त्याला चहा पाजा आणि त्याचं म्हणणं पुरतं ऐकून घ्या.

पुढच्या अंकात भेटू.