संविधान वाचवायला निघालेल्यांनी कलम २२ वाचले आहे का?

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि पोलिसांनी धरपकड सुरू केली. त्या धरपकडीत अटक झालेला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. संविधानाच्या अवमानातून पेटलेल्या आंदोलनात एका भीमसैनिकाचा कोठडीत जीव जावा, यापेक्षा मोठा विरोधाभास कोणता?

त्या आठवड्यात सोलापुरातही निषेध झाले. आम्हीही गेलो होतो. परतल्यावर विहारात बसलेल्या पंधरा-वीस तरुणांना मी एक साधा प्रश्न विचारला. उद्या तुम्हाला पोलिसांनी उचलले, तर संविधानाचे कोणते कलम तुमच्या कामी येईल? कुणी १४ म्हणाले, कुणी १७, एकाने ३४० सांगितले. २२ कुणीच म्हणाले नाही. यात त्यांचा दोष नाही. आपण संविधानाची मिरवणूक काढतो, उद्देशिका तोंडपाठ म्हणतो. पण सरकारी सत्ता अंगावर येते त्या घटकेला ढाल म्हणून उभे राहणारे कलम आपण शिकवतच नाही.

या कलमामागचा इतिहास आंबेडकरी तरुणांना तर ठाऊक असायलाच हवा. आजचे कलम २१ सांगते की, कायद्याने ठरवलेल्या पद्धतीशिवाय कुणाचेही जीवित किंवा व्यक्तिस्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. वरवर पाहता हे पुरेसे वाटते. पण 'कायद्याने ठरवलेली पद्धत' कोण ठरवणार? कायदेमंडळच. म्हणजे बहुमतातील सरकारने वाटेल तसा अटकेचा कायदा केला, तर नागरिकाने जायचे कुठे? घटना समितीत यावर मोठी नाराजी होती. तेव्हा १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी स्वतः एक नवे कलम मांडले. मसुद्यात त्याचा क्रमांक १५-अ होता, आज तेच कलम २२ आहे. अटकेचे कारण सांगणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे, ही त्याची मुख्य अंगे. यातल्या गोष्टी फौजदारी प्रक्रिया संहितेत आधीच होत्या, हे बाबासाहेबांना माहीत होते. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, त्या संविधानात गेल्या म्हणजे संसदेला किंवा राज्याच्या विधिमंडळाला साध्या कायद्याने काढून टाकता येणार नाहीत.

ही दूरदृष्टी किती खरी ठरली ते पाहा. १ जुलै २०२४ पासून जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता गेली आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. पूर्वी पोलीस कोठडीचे पंधरा दिवस पहिल्या पंधरा दिवसांतच संपत. आता गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ते पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी मागता येतात. म्हणजे जेलमध्ये गेलेला माणूस पुन्हा पोलिसांच्या ताब्यात येऊ शकतो. साध्या कायद्याने एवढे बदलता आले. पण चोवीस तासांची मर्यादा जागची हलली नाही, कारण ती संविधानात आहे.

सोलापूरकरांना ही ढाल नसण्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. मे १९३० मध्ये या शहरात मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. त्यांचे पुतळे आपण रोज पाहतो. पण त्याच शहरात दुसरीही एक आठवण आहे, ती पुतळ्यांत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. सोलापुरात अशा जमातींसाठी काटेरी कुंपणाची वसाहत होती. 'सेटलमेंट' हे नाव अजूनही शहराच्या तोंडी आहे. हजेरी द्या, परवानगीशिवाय बाहेर जाऊ नका, गिरणीत राबा. गुन्हा सिद्ध करायची गरजच नव्हती, कारण जात हाच पुरावा होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशातून पूर्ण हटला.

सोमनाथ सूर्यवंशी वडार समाजाचा होता. वडार समाज आज राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. कुंपण निघाले, पण संशयाची नजर निघाली का, हा प्रश्न परभणीने पुन्हा विचारला आहे.

आता परभणी प्रकरणातील कायदेशीर वाट नीट समजून घेऊ. सरकारतर्फे विधानसभेत सांगण्यात आले की, दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले तेव्हा सोमनाथने मारहाणीची तक्रार केली नव्हती. त्याला श्वसनाचा आजार होता. दुसरीकडे शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का असे मृत्यूचे कारण नोंदले गेले. कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी करावी असे कायदा सांगतो. ती झाली आणि तिच्या अहवालाने पोलिसांकडे बोट दाखवले. तरीही गुन्हा नोंदवला जात नव्हता. सोमनाथची आई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेली. ॲड. प्रकाश आंबेडकरांनी बाजू मांडली. ४ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलैला तिथेही हरले. त्यानंतर गुन्हा नोंदवला गेला. दोषी कोण, हे आता न्यायालयच ठरवेल.

या घटनाक्रमातून मला दोन गोष्टी दिसतात.

पहिली, संविधानाची ढाल खोटी नाही. एक कष्टकरी आई राज्य सरकारच्या विरोधात उभी राहिली आणि सरकारला दोन न्यायालयांत मागे हटावे लागले. हे कलम २२६ मुळे शक्य झाले. त्याचेच मोठे भावंड असलेल्या कलम ३२ ला बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटले होते. हक्क लिहून ठेवणे पुरेसे नाही, तो मोडला तर दाद मागायला दार हवे, हा त्याचा अर्थ. १९३० च्या सोलापूरला असे दार नव्हते.

दुसरी गोष्ट कडू आहे. ते दार उघडेपर्यंत मुलगा गेलेला होता. कलम २२६ मृत्यूनंतर न्याय मिळवून देऊ शकते, पण मृत्यू टाळण्याची ताकद कलम २२ मध्ये आहे, आणि ती पहिल्या काही तासांतच वापरावी लागते. दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे हा उपचार नाही. आरोपीला पोलिसांच्या भिंतीपलीकडचा माणूस दिसतो तो तिथेच पहिल्यांदा. पण ज्यांच्या ताब्यात रात्र काढली तेच मागे उभे असताना आणि पुन्हा त्यांच्याच गाडीत बसायचे असताना, 'काही तक्रार आहे का?' या प्रश्नाला किती जण खरे उत्तर देतील? आरोपी गप्प राहिला म्हणजे तक्रार नव्हती, असा अर्थ काढणे धोक्याचे आहे. म्हणूनच त्या क्षणाआधी वकील भेटणे महत्त्वाचे आहे.

मागच्या वर्षी आमच्या भागातल्या दोन मुलांना संध्याकाळी एका पोलीस ठाण्यात नेले. आई बाहेर पायरीवर बसून राहिली. 'चौकशीला आणलंय, सकाळी या,' एवढेच उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी वकिलाने कागद पाहिले तेव्हा अटकेची वेळ सकाळची लिहिलेली होती. म्हणजे कागदावर ती रात्र घडलीच नव्हती, आणि चोवीस तासांचे घड्याळ सकाळी सुरू झाले होते. सुदैवाने मुलाच्या बहिणीने त्यांना नेले त्याच वेळी मला व्हॉट्सॲपवर निरोप टाकला होता. तो निरोप वकिलाने न्यायालयात दाखवला. त्या एका निरोपाला जी किंमत आली, ती आमच्या दहा निवेदनांना कधी आली नव्हती.

म्हणून प्रत्येक कार्यकर्त्याने काही गोष्टी पाठ कराव्यात. ताब्यात घेतले ती वेळ आणि जागा तत्काळ कुणाला तरी लेखी कळवा. अटकेची कारणे लेखी मागा. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वरळीच्या गाजलेल्या मोटार अपघात प्रकरणात सांगितले आहे की, कोणत्याही गुन्ह्यात अटकेची कारणे आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यावी लागतील, आणि ती लगेच देणे शक्य नसेल तर दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी तरी दिली पाहिजेत. नाहीतर ती अटक बेकायदा ठरेल. म्हणजे मराठी माणसाला मराठीत. खटला बड्या घरातल्या आरोपीचा होता, पण निकालाचा आधार झोपडपट्टीतल्या पोरालाही तेवढाच आहे. नातेवाइकाला कळवणे आणि वैद्यकीय तपासणी हे हक्क डी. के. बसू निकालापासून, म्हणजे डिसेंबर १९९६ पासून पक्के आहेत. डॉक्टरपुढे अंगावरचा प्रत्येक वळ दाखवा आणि लिहून घ्यायला लावा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देते. १५१०० हा त्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक आहे.

सत्ता नेहमी अटकेच्याच रूपात येते असे नाही. जयंतीच्या किंवा निवडणुकीच्या आधी वस्तीत नोटिसा फिरतात, चॅप्टर केस होते, कुणावर तडीपारीचा प्रस्ताव जातो. आपली मुले न वाचता सही करतात आणि विसरून जातात. पण तडीपारीच्या आधी म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते आणि आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येते. जालन्यातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले की, तडीपारी हा अपवादात्मक उपाय आहे. देशभर मुक्तपणे फिरण्याच्या मूलभूत हक्कावर तो घाला घालतो, म्हणून त्यामागे ठोस कारण हवे. नोटीस आली की तिची प्रत ठेवा, तारीख लिहा आणि उत्तर द्या. उत्तर न दिलेली नोटीस पुढच्या कारवाईची पायरी होते.

कुणी म्हणेल, पोलिसांनी मग काम करायचे कसे? दगडफेक झाली, दुकाने फुटली, त्याचा तपास नको का? हवाच. पण तपास आणि शिक्षा या वेगळ्या गोष्टी आहेत. शिक्षा देण्याचा अधिकार ठाण्याला नाही, न्यायालयाला आहे. आणि आपल्याला जड जाणारी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. परभणीत प्रतिकृतीची विटंबना केल्याचा ज्याच्यावर आरोप आहे, त्यालाही कलम २२ तेवढेच लागू आहे. त्यालाही वकील, त्यालाही चोवीस तास. 'त्याला आमच्या ताब्यात द्या' ही घोषणा ज्या दिवशी आपण देतो, त्या दिवशी सोमनाथसाठी न्याय मागण्याचा आपला पाया खचतो. हक्क फक्त आपल्या माणसापुरता असेल तर तो हक्क राहत नाही, मेहेरबानी होते. आणि मेहेरबानी सरकार कधीही काढून घेऊ शकते.

आमच्या विहारात आता दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास एक कलम वाचले जाते. पहिल्या महिन्यात फक्त २०, २१ आणि २२ घेतली. मोठ्या सभागृहाची गरज नाही, देणगीची नाही. वस्तीतला एक वकील, एक शिक्षिका आणि पाच-सहा मुलांचे फोन नंबर भिंतीवर लिहिलेले असले तरी पुरते. रात्री अकराला कुणाच्या घरातून हाक आली तर कोण ठाण्यावर जाणार, कोण वकिलाला उठवणार, कोण वेळ लिहून ठेवणार, हे आधी ठरलेले असले म्हणजे झाले.

येत्या २६ नोव्हेंबरला आपण संविधान दिन साजरा करूच, उद्देशिकाही वाचू. फक्त तिच्यासोबत कलम २२ ची एक झेरॉक्स प्रत्येकाच्या हातात द्या. सोमनाथ कायदा शिकत होता. त्याचा अर्धवट राहिलेला अभ्यास आपण वस्ती-वस्तीत पुढे न्यायचा आहे.

जय भीम, जय संविधान.