लॅब्राडॉर दत्तक हवाय? मग चौकशीचा राग कशाला!

व्हॉट्सॲपवर एखाद्या सोडून दिलेल्या लॅब्राडॉरचा फोटो फिरला, की फोन सुरू होतात. ‘अजून आहे का? आम्ही लगेच न्यायला येतो.’ पलीकडून अर्ज येतो आणि उत्साह थोडा मावळतो. घर स्वतःचं की भाड्याचं? कुत्रा दिवसात किती तास एकटा राहील? गावाला जाताना त्याला कुठे ठेवाल? घरातल्या सगळ्यांची संमती आहे का? आधी कुत्रा पाळला असेल तर त्याचं पुढे काय झालं? आम्ही घर बघायला आलो तर चालेल का?

‘कुत्रं मागतोय, होम लोन नाही,’ अशी चिडचिड बरेच जण करतात. हा राग समजण्यासारखा आहे. पैसे मोजले तर त्याच जातीचं पिल्लू ब्रीडरकडून संध्याकाळपर्यंत घरी येतं. मग चांगल्या मनाने दत्तक घेणाऱ्याचीच एवढी उलटतपासणी का?

माझ्या मते ही उलटतपासणी हवीच. कारण आज आपल्याकडे कुत्र्याच्या बाजूने प्रश्न विचारणारं दुसरं जवळपास कोणीच नाही.

कुत्रा सोडून देण्याचा दंड किती?

पाळलेला प्राणी उपाशीतापाशी मरेल अशा स्थितीत सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याची शिक्षा मात्र १० ते ५० रुपये दंड. एवढ्यात रंकाळ्यावर दोघांची भेळही होत नाही.

तो दंड तरी वसूल व्हायला मालक सापडला पाहिजे. कुत्र्याच्या कातडीखाली मायक्रोचिप नसेल, कुठे नोंद नसेल, तर हायवेवर गाडीचं दार उघडून त्याला खाली उतरवणारा माणूस शोधणार कसा? म्हणजे कुत्रा रस्त्यावर आल्यानंतर कायदा फारसं काही करू शकत नाही. जे करायचं ते कुत्रा घरात येण्याआधीच करावं लागतं. दत्तकाचा अर्ज नेमकं तेच करतो.

विकत घेताना कोण विचारतं?

नियम नाहीत असं नाही. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार प्रत्येक ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायला हवी. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. मादी १८ महिन्यांची होण्याआधी तिच्यापासून पिल्लं घेता येत नाहीत. वर्षात एकापेक्षा जास्त आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त विणी घ्यायच्या नाहीत. विक्रीआधी पिल्लाला मायक्रोचिप लावायची.

आता तुमच्या ओळखीतल्या कोणी पिल्लू आणलं असेल तर त्यांना एकच विचारा, ब्रीडरचा नोंदणी क्रमांक पाहिला होता का? बहुतेक ठिकाणी फक्त दोन गोष्टी पाहिल्या जातात, पिल्लू गुटगुटीत आहे का आणि भाव कमी होतोय का.

दत्तक देणारे लोक निर्बीजीकरणाची अट घालतात तीही यासाठीच. ‘मादीच हवी, ऑपरेशन झालेली नको’ अशी मागणी आली की त्यांना शंका येते. दत्तक म्हणून नेलेली लॅब मादी कोणाच्या तरी गच्चीवर विणीसाठी बांधली जाऊ शकते. उलट ‘दत्तक’ म्हणायचं आणि पिल्लाची किंमत सांगायची, असंही चालतं. लसीकरण किंवा ऑपरेशनचा खर्च मागणं वेगळं. जातीनुसार दर बदलत असेल तर ती सरळ विक्री आहे.

जात आवडते, पण नेमकं काय आवडतं?

अर्जातला सर्वात महत्त्वाचा प्रश्न हाच, असं मला वाटतं. आवड बहुतेकदा फोटोतून किंवा जाहिरातीतून आलेली असते. २००३ मध्ये हच कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे धावणारा पग आला आणि देशभर पगला मागणी आली. चपट्या नाकामुळे या कुत्र्याला उकाड्यात श्वास घ्यायला त्रास होतो, हे जाहिरातीत दिसत नाही.

लॅब्राडॉर प्रेमळ, हे खरं. पण तो कायम भुकेला का असतो? २०१६ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांना साधारण चारपैकी एका लॅबमध्ये एक जनुकीय बदल आढळला. त्याचा संबंध वजनाशी आणि खाण्याच्या ओढीशी आहे. येणारा-जाणारा प्रत्येक जण बिस्किट टाकतो अशा घरात लॅब लठ्ठ होतो, मग त्याचे सांधे जातात. अशा लठ्ठ, लंगडणाऱ्या लॅबचा उपचारखर्च झेपत नाही म्हणूनही लोक त्याला सोडतात.

हस्कीचं दुहेरी केसांचं आवरण सैबेरियाच्या थंडीसाठी आहे, कोल्हापूरच्या एप्रिल-मेसाठी नाही. जर्मन शेफर्ड हुशार आहे, पण त्याला रोज काम लागतं. काम नसेल तर तो भुंकण्याचं काम स्वतःच शोधतो.

आपल्या भागातला कारवान घ्या. पलीकडे बागलकोट जिल्ह्यात त्याला मुधोळ हाउंड म्हणतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जपली. २००५ मध्ये टपाल खात्याने देशी जातींवर चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. पुढे लष्करानेही त्याला प्रशिक्षणासाठी घेतलं. त्यामुळे ‘आपलाच’ म्हणून तो हवासा वाटतो. पण हा नजरेने सावज टिपून मागे धावणारा कुत्रा आहे. त्याला मोकळं रान लागतं आणि समोरून मांजर पळालं तर मालकाची हाक त्याला ऐकू येत नाही. त्याच्या बरगड्या दिसणं हा त्याचा बांधा आहे, उपासमार नव्हे. टू-बीएचकेत दिवसभर बंद ठेवला तर तो सोफा फाडेल, आणि चूक त्याची नसेल.

म्हणून ‘लॅब हवा’ असं लिहिण्याऐवजी ‘शांत, मुलांत मिसळणारा, रोज तासभर फिरवता येईल असा कुत्रा हवा’ असं लिहा. कदाचित त्यासाठी सहा वर्षांचा लॅब योग्य असेल, कदाचित जात सांगता न येणारा दुसराच कोणी.

कोल्हापूरच्या अर्जात काय असावं?

बहुतेक अर्जांचे नमुने मोठ्या शहरांतून आलेले आहेत. आपल्याकडे त्यात तीन प्रश्न वाढवायला हवेत.

पहिला, पूर आला तर? ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी घरांत शिरलं, हजारो कुटुंबांना बाहेर पडावं लागलं. चिखली, आंबेवाडी किंवा शिरोळच्या नदीकाठी राहणाऱ्याने कुत्रा कुठे नेणार हे आधीच ठरवलेलं असावं. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पोहता येत असूनही उपयोग नसतो.

दुसरा, कुत्रा राहणार कुठे, घरात की मळ्यात? ‘राखणीला पाहिजे’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. पन्हाळा, शाहूवाडीकडे बिबट्याचा वावर आहे. रात्री मळ्यात बांधलेलं कुत्रं त्याच्यासाठी आयती शिकार. शिवाय घरात वाढलेला, माणसांत झोपलेला लॅब राखण करत नाही. तो चोराचाही हात चाटेल.

तिसरा, शिफ्ट काय? शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत नवरा-बायको दोघंही कामाला असतील तर दुपारी कुत्र्याला बाहेर कोण नेणार? याचं उत्तर ‘शेजारच्या काकू’ असेल तरी चालेल. फक्त काकूंना आधी विचारलेलं असावं.

आणि एक हिशेब सगळ्यांसाठी. लॅब साधारण १० ते १२ वर्षं जगतो. तिसरीतल्या मुलाच्या हट्टापायी आणलेलं पिल्लू, तो मुलगा इंजिनिअरिंगला पुण्याला जाईल तेव्हा म्हातारं झालेलं असेल. त्याची औषधं, त्याचे डोळे, त्याचे गुडघे घरी उरलेल्या आई-बाबांकडे येतील. त्यांची सही अर्जावर हवी.

अर्जदारानेही विचारावं

चौकशी एकतर्फी नसावी. कुत्रा नेण्याआधी तुम्हीही विचारा:

• आधीच्या घराने त्याला का सोडलं?

• रेबीजसह कोणत्या लशी, कधी झाल्या? निर्बीजीकरण झालंय का?

• तो कधी कोणाला चावलाय का? लहान मुलं, मांजर, दुसरा कुत्रा यांच्यासोबत कसा वागतो?

• काही दिवस सांभाळून मग निर्णय घेता येईल का?

• जमलं नाही तर तुम्ही त्याला परत घ्याल का?

शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्याकडूनच कुत्रा घ्या. नवीन घरात कुत्र्याला रुळायला वेळ लागतो. पहिले तीन दिवस भेदरलेला, तीन आठवड्यांत सवयी लागलेल्या, तीन महिन्यांत घरचा, असा ढोबळ हिशेब सांगितला जातो. चौथ्याच दिवशी ‘हा खेळतच नाही’ म्हणून परत आणणं त्याच्यावर अन्याय आहे.

बंगळुरूच्या ‘क्यूपा’ या संस्थेला सोडून दिलेल्या जातिवंत कुत्र्यांसाठी ‘सेकंड चान्स’ हे वेगळं केंद्र चालवावं लागतं. याच संस्थेने २०१६ मध्ये औषध चाचण्यांच्या प्रयोगशाळेतून सुटलेल्या १५६ बीगलना घरं शोधण्याचं काम हाती घेतलं होतं. पिंजऱ्यात वाढलेल्या कुत्र्याला जिना, गवत, मिक्सरचा आवाज, सगळंच नवं असतं. तिथे ‘मला बीगल आवडतो’ एवढं कारण पुरत नाही.

संस्थांनीही हे टाळावं

प्रश्न हवेत, पण ते पूर्वग्रह नकोत. भाड्याचं घर, एकटी राहणारी मुलगी, निवृत्त जोडपं, यांना वाचताक्षणी नकार मिळणं चूक आहे. बंगल्याच्या फाटकाशी २४ तास बांधून ठेवणाऱ्यापेक्षा राजारामपुरीतल्या एका खोलीत राहून सकाळ-संध्याकाळ फिरवणारा तरुण चांगला पालक ठरू शकतो. भाडेकरूकडून घरमालकाची लेखी परवानगी मागा, दार बंद करू नका. नकार दिलात तर कारण सांगा. नाहीतर तोच माणूस उद्या ब्रीडरकडे जाईल आणि तिथे त्याला कोणी काहीच विचारणार नाही.

आणि ज्याला जातच नाही, तो?

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात भटका कुत्रा दत्तक घेण्याचीही वाट दाखवली. इच्छुकाने महापालिकेकडे अर्ज करायचा, निवडलेल्या कुत्र्याला टॅग लावून तो अर्जदाराला द्यायचा, आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी अर्जदाराची. म्हणजे आपल्या गल्लीतल्या गावठी कुत्र्यासाठीही आता अर्ज आहे आणि त्याच्याबरोबर जबाबदारीही.

गावठी कुत्रा इथल्या उन्हापावसात पिढ्यानपिढ्या टिकलेला आहे. तरीही तुम्हाला लॅबच हवा असेल तर त्यात गैर काही नाही. सोडून दिलेल्या लॅबलाही घर हवंच आहे. फक्त अर्ज आला की प्रश्नांवर चिडण्याआधी तो घरातल्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. एखाद्या प्रश्नावर सगळे गप्प झाले, तर कुत्रा आणण्याआधी त्या प्रश्नाचं उत्तर शोधा. उत्तर सापडलं नाही तर अर्ज करू नका. कुत्र्याचं अजून एक घर सुटण्यापेक्षा ते बरं.