टपाल येते, हाती पडत नाही

घरातली जुनी तार आठवते ना? खिळ्याला टांगलेली, टोकाला आकडा असलेली. सोसायटीची पावती, विजेचे बिल, पाहुण्यांचे कार्ड, सगळे तिलाच टोचलेले असायचे. कारभारी माणूस अंधारातही चाचपून नेमका कागद काढी. आता यांतले निम्मे कागद तारेपर्यंत येतच नाहीत. मुलाच्या प्रवेशाची मुदत, बँकेचा हिशेब, विम्याची पावती हे ई-मेलने मोबाइलवर येते. महावितरणने तर कागदी बिल सोडून ई-मेलवर बिल घेणाऱ्यांना 'गो-ग्रीन' म्हणून सवलत देऊ केली. सवलत चांगलीच. पण बिल साड्यांच्या जाहिरातीखाली दबले तर सवलत बाजूला राहते आणि दंड भरावा लागतो. महाविद्यालयाचे पत्र दबले तर नुसत्या पैशावर भागत नाही, जागाच हातची जाते.

हे नको असलेले टपाल आले कोठून? बरेचसे आपणच बोलावलेले असते. दुकानात, मोबाइलवरच्या खरेदीत, कसल्याशा सोडतीत जो मागेल त्याला आपण पत्ता देतो. बाकीचे न बोलावता येते. हा उपद्रव ई-मेलइतकाच जुना म्हणायला हरकत नाही. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत संगणक विकणाऱ्या एका कंपनीच्या माणसाने सुमारे चारशे जणांना एकाच वेळी जाहिरात धाडली, तेव्हाही लोक चिडलेच होते. अशा टपालाला पुढे 'स्पॅम' हे नाव पडले. ते मूळचे डबाबंद मांसाचे नाव!

पुष्कळ जण रोज बसून एकेक जाहिरात पुसतात. हे म्हणजे हरळीचे शेंडे खुडण्यासारखे आहे. मुळी तशाच राहतात. ओळखीच्या दुकानाची किंवा कंपनीची जाहिरात असेल तर तिच्यातच 'अनसबस्क्राइब' असे लिहिलेले असते. ते दाबले की बहुधा पत्रे थांबतात. पण पाठविणारा अनोळखी असेल तर पत्रातल्या कशालाच बोट लावू नका. तुम्ही दाबले की हा पत्ता जिवंत आहे, कोणीतरी वाचते आहे, असे त्याला कळते. तेथे 'रिपोर्ट स्पॅम' हेच ठीक. मग त्याच्यासारखी पत्रे ओळखायला यंत्रही शिकते.

आता मुख्य काम, टपालाची वाटणी. पोस्टात पत्रे लावायचे लाकडी कप्पे पाहिले असतील. तसे कप्पे ई-मेलमध्येही करता येतात. बहुतेकांकडे जीमेल असते म्हणून त्याचेच सांगतो. तेथे कप्प्याला 'लेबल' म्हणतात आणि पत्र कोणत्या कप्प्यात टाकायचे या हुकमाला 'फिल्टर'. हा हुकूम मोबाइलच्या जीमेल ॲपमध्ये देता येत नाही, त्यासाठी संगणक लागतो. मात्र एकदा दिला की मोबाइलवरही तसाच चालतो.

संगणकावर जीमेल उघडा. वर शोधण्याची लांब पट्टी असते, तिच्या उजव्या टोकाची खूण दाबा. एक तक्ता उघडेल. त्यात 'फ्रॉम'पुढे पाठविणाऱ्याचा पत्ता लिहा. तो जुन्या पत्रावरून जसाच्या तसा उतरवा, अक्षर चुकले तर हुकूम फुकट. मग 'क्रिएट फिल्टर' दाबा. पुढे 'अप्लाय द लेबल' निवडून कप्प्याला नाव द्या. शिक्षण, वीज व बँक, सरकारी, दुकाने एवढे चार कप्पे घराला पुरे. हौसेने वीस केलेत तर कोणत्या कप्प्यात काय आहे हेच शोधत बसाल.

त्याच यादीत 'स्किप द इनबॉक्स' असते. त्यावर खूण केली की पत्र समोर न येता थेट कप्प्यात जाते. ही खूण फक्त दुकानांना करा. महाविद्यालयाचे पत्र कप्प्यातही जावे आणि समोरही दिसावे. त्याला 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' ही खूण मात्र जरूर करा. बँकेला ती करू नका, कारण बँकेचे नाव लावून येणारी खोटी पत्रे फार, आणि तुम्हीच त्यांना दार उघडून द्याल. 'अनसबस्क्राइब' शब्द असलेले प्रत्येक पत्र बाजूला काढा, अशी युक्ती कोणी सुचवील. मला ती पसंत नाही. कामाच्या पत्रांतही तो शब्द असतो, आणि मग गव्हाबरोबर दाणेही पाखडले जातात.

स्पॅमच्या कप्प्याकडे आठवड्यातून एकदा बघत जा. बाजारचा दिवस धरा, म्हणजे विसरणार नाही. यंत्रही चुकते. खरे पत्र तेथे सापडले तर 'नॉट स्पॅम' दाबा. तीस दिवसांनी तेथले टपाल आपोआप पुसले जाते, म्हणून महिनाभर दुर्लक्ष नको. तेथेच अनुदान मंजूर झाले, खाते बंद पडणार, अशी घाबरवणारी किंवा लाळ सुटविणारी पत्रेही दिसतील. ओटीपी, पासवर्ड कोणालाही देऊ नका. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवा.

जागेचेही पाहा. जीमेलला फुकट मिळते ती १५ जीबी जागा, आणि तीत गुगलवर साठविलेले फोटोही मोजले जातात. लग्नाच्या चित्रफितींनी ती भरली की नवे टपाल येणेच थांबते.

संगणक घरी नसेल तर सेवा केंद्रावर जाताना मोबाइल बरोबर न्या, खाते उघडताना त्यावर खात्री विचारली जाते. पासवर्ड स्वतः टाका, कागदावर लिहून चालकाच्या हाती देऊ नका. उठण्यापूर्वी 'साइन आऊट' झाले का ते डोळ्यांनी पाहा.